नाव, चित्र आणि हातची चव: खान्देशात धंदा करणाऱ्याने आधी काय राखावं

मागच्या वैशाखात आक्का यावलच्या बाजारातून आली ती हातात मसाल्याची दोन पाकिटं घेऊन. ओट्यावर शेजारी शेजारी मांडली आणि काही न बोलता बाजूला झाली. एक आमच्या घरचं, काळ्या मसाल्याचं. दुसरं परक्याचं. तोच शेंदरी रंग, तीच लोखंडी कढई, कढईतली वाफसुद्धा डावीकडेच वळलेली. नावात एका वेलांटीचा फरक. घाईत असलेल्या माणसाने कोणतंही उचलावं. थोड्या वेळाने आक्का म्हणाली, "नाव मन्हं, मसाला मन्हा, मंग तो कसा इकस?" म्हणजे नाव माझं, मसाला माझा, मग तो कसा विकतो?

आक्का म्हणजे माझी मोठी चुलती. मसाला तिचा, हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे. त्यामुळे उत्तर मलाच शोधावं लागलं. पुढे वर्षभर वकिलाकडे, ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर आणि पाऊच छापणाऱ्याकडे फेऱ्या मारून जे कळलं ते इथे लिहितोय. कारण आता ओळखीचे बचत गट, केळीचे वेफर्स करणारे, अहिराणी गाणी काढणारी पोरं, सगळे एकच विचारतात: ट्रेडमार्क घेऊ की कॉपीराइट?

यातलं एक घेतलं म्हणजे दुसऱ्याचं काम भागलं, असं होत नाही. मसाल्याच्या एकाच पाकिटावर तीन हक्क बसलेले असतात. नाव ट्रेडमार्कच्या कायद्यात येतं, चित्र आणि छापलेला मजकूर कॉपीराइटच्या, आणि आतल्या मसाल्याचं प्रमाण हे व्यापारी गुपित. मात्र छोट्या माणसाकडे तिन्हींसाठी एकाच महिन्यात पैसा आणि वेळ नसतो. म्हणून ठरवायचा असतो तो क्रम.

नावाची नोंदणी

मसाला, वेफर्स, पापड, लोणचं, कपडे, काहीही विकत असाल तर माझ्या मते पहिला खर्च नावावर करा. गिऱ्हाईक दुकानात प्रमाण मागत नाही, नाव मागतं.

ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा. वैयक्तिक नावाने, स्टार्टअप म्हणून किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी आहे, इतरांना ९,०००. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यमचं, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. 'वर्ग' म्हणजे मालाचा किंवा सेवेचा प्रकार. असे ४५ वर्ग आहेत. मसाला ३० व्या वर्गात, केळीचे वेफर्स आणि लोणचं २९ मध्ये, ताजी केळी ३१ मध्ये, गाण्यांचं चॅनेल ४१ मध्ये. प्रत्येक वर्गाची फी वेगळी, म्हणून आज जे विकताय तेवढ्याच वर्गात अर्ज करा. आमच्या ओळखीच्या एका गटाला कुणीतरी सहा वर्गांत अर्ज करायला लावला, आणि माल फक्त पापड.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते आणि दर १० वर्षांनी फी भरून कितीही वेळा वाढवता येते. तिन्ही हक्कांत कायद्याने नोंदवून पिढ्यान्‌पिढ्या चालवता येईल असा हा एकच. मात्र नाव वापरात हवं. सलग पाच वर्षं वापरलं नाही तर दुसरा कुणीही ते रजिस्टरमधून काढायची मागणी करू शकतो.

आता नाव कसं असावं, यावर थोडा वेळ घालवतो, कारण इथेच आपल्याकडची बहुतेक माणसं अडकतात. 'खान्देशी काळा मसाला', 'जळगाव स्पेशल', 'गावरान चव' ही नावं ऐकायला आपली वाटतात, पण मालाचा प्रकार, गुण किंवा गाव सांगणारा शब्द एकट्याच्या नावावर सहसा करून मिळत नाही. उद्या दुसऱ्यालाही आपला मसाला खान्देशी आहे हे सांगायचा तेवढाच हक्क आहे. आडनावाचंही तसंच. पाटील, चौधरी, महाजन अशा आडनावांच्या मुलखात नुसतं आडनाव नोंदवलं, तरी त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल तर त्याला अडवता येत नाही. आणि 'रामायण' या शब्दावर एका उत्पादकाला एकट्याचा हक्क मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका अगरबत्तीच्या प्रकरणात सांगितलं आहे.

मग कसलं नाव टिकतं? अंमळनेर बघा. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. पश्चिम भारत, वनस्पती, उत्पादनं, सगळे शब्द वर्णनाचे, कुणालाही वापरता येतील असे. पुढे तिचंच 'विप्रो' झालं. हा शब्द आधी कोणत्याच भाषेत नव्हता, म्हणून तो पूर्णपणे त्यांचा. नाव घडवा, किंवा मालाशी संबंध नसलेला शब्द घ्या. घरात बोलला जाणारा एखादा अहिराणी शब्दसुद्धा चालेल, फक्त त्याचा अर्थ मालाचं वर्णन करणारा नको.

अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. नुसतं स्पेलिंग घालून थांबू नका, उच्चारावरून शोधायची सोय आहे ती वापरा. एका वेलांटीने काय होतं ते आम्ही बघितलंय. अर्ज गेला की परीक्षण अहवाल येतो. त्यात हरकत असेल तर मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यायचं. तो अहवाल ई-मेलवर येतो, आणि अर्ज भरून देणाऱ्याने स्वतःचाच ई-मेल टाकलेला असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. ई-मेल आपला टाका. हरकत दूर झाली की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं, आणि त्यावर आक्षेप घ्यायला लोकांना चार महिने असतात. तोवर नावापुढे इंग्रजी 'टीएम' लावता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावणं बेकायदेशीर आहे, दंड होऊ शकतो. पूर्वी त्याला तीन वर्षांपर्यंत कैदही होती. आपल्याकडे पाऊच छापणारे शोभेसाठी म्हणून तो सर्रास टाकून देतात. छपाईआधी नमुना बघून काढायला सांगा.

आणि नाव नोंदवलंच नसेल तर? आमचं तसंच होतं. पंधरा वर्षं विकत होतो, नोंदणी नाही. अशा वेळी नावाचा दावा संपत नाही. जुन्या वापरकर्त्याला कायदा मानतो. नंतर येऊन कुणी तेच नाव नोंदवलं, तरी त्याच्या आधीपासून सतत वापरणाऱ्याला तो थांबवू शकत नाही. पण सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं: हे नाव लोक आपलं म्हणून ओळखतात, समोरच्यामुळे गल्लत होते, त्याने आपलं नुकसान होतं. वकिलाने जुनी बिलं मागितली. पहिल्या सहा वर्षांची बिलबुकं माळ्यावर वाळवीने खाल्लेली निघाली. मिळाली ती अर्धवट बिलं, अन्न परवाना आणि एका बचत गट प्रदर्शनाचा फोटो, ज्यात मागे आमचं पाकीट दिसतंय, एवढ्यावर नोटीस गेली. नाव नोंदलेलं असतं तर नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे ठेवून काम झालं असतं, आणि समोरचा कुठलाही असो, आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावता आला असता.

समोरच्याने नाव बदललं. कढई आणि वाफ मात्र ठेवली. का, ते पुढे.

चित्र कुणाचं?

कॉपीराइटची गंमत अशी की तो मागायला जावंच लागत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्र काढलं, गाणं लिहिलं, मजकूर रचला की त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या तेलाच्या लेबलाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं की दावा लावायला नोंदणीची सक्ती नाही. मुदतही मोठी: निर्मात्याचं आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

पण हक्क तयार होतो तो कुणाचा? ज्याने काढलं त्याचा. इथे आम्ही फसलो. आमचं पाकीट एका कॉम्प्युटरवाल्या डिझायनरने केलं होतं. पैसे दिले, त्याने छपाईचे सिलिंडर करायला फाईल थेट पाऊचवाल्याकडे पाठवली, आमच्याकडे फक्त मोबाइलवर आलेलं चित्र. दुसरं पाकीट दिसल्यावर त्याच्याकडे गेलो तर तो सरळ म्हणाला, "दादा, ती कढई माझीच आहे, त्यांनाही मीच दिली." आधी राग आला. मग वकिलाने कायदा दाखवला. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं असतं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा व्यक्तिचित्रसुद्धा, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचं. पण बाहेरच्याकडून करून घेतलेल्या लेबलाच्या डिझाइनबाबत तसा भरवसा धरता येत नाही. हक्क आपल्याकडे यायला लेखी आणि सहीचा कागद लागतो. तोंडी बोलणं किंवा पैसे दिल्याची पावती पुरत नाही.

त्या कागदात काय नसलं की काय होतं, हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं. मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. आणि मिळालेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर, कागदात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो मूळ मालकाकडे परत जातो. म्हणून तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या, रक्कम लिहा, आणि मूळ फाईल ताब्यात घ्या. नवं पाकीट करताना आम्ही हे एका पानात बसवलं. डिझायनरने दोन मिनिटांत सही केली. पहिल्या वेळी मागितली असती तर तेव्हाही केली असती.

कॉपीराइटची नोंदणी करायची का? लेखन किंवा चित्रासाठी फी ५०० रुपये आहे, पण ते चित्र मालावर वापरायचं असेल तर २,००० होतात, शिवाय असा ट्रेडमार्क कुणाचा नाही याचं प्रमाणपत्र ट्रेडमार्क कार्यालयाकडून आणावं लागतं. वादात नोंदणीचा उतारा पहिला पुरावा म्हणून धरला जातो, हा फायदा खरा. तरी मसालेवाल्याने हा खर्च दुसऱ्या वर्षी केला तरी चालेल असं मी म्हणेन. सहीचा कागद मात्र पहिल्याच दिवशी.

कॉपीराइट कुठे कामाला येत नाही तेही बघा. नाव, शीर्षक, छोटी घोषणा यांना तो नाही. कल्पनेला नाही. मसाल्याच्या पाकिटावर कढई दाखवायची ही कल्पना कुणाचीच नाही, दुसऱ्याने स्वतःच्या हाताने वेगळी कढई काढली तर काढू दे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद निकालात हे तत्त्व घालून दिलंय. पाककृतीचंही तसंच. तुमच्या शब्दांत लिहिलेली कृती तुमची, पण त्यातल्या जिनसांची यादी आणि प्रमाण वापरून कुणी मसाला केला तर कॉपीराइट आड येत नाही.

चव

पेटंट मिळेल का, हा प्रश्न हमखास येतो. मसाल्याला सहसा नाही. नुसतं मिश्रण आणि परंपरेने चालत आलेलं ज्ञान, दोन्ही पेटंट कायद्याने बाहेर ठेवलंय. शिवाय पेटंट घ्यायचं म्हणजे कृती जगापुढे उघड करायची, आणि २० वर्षांनी ती सगळ्यांची.

म्हणून उरतं गुपित. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तसा कायदा करावा म्हणून मसुद्यासह शिफारस केली आहे. तोवर न्यायालयं करार आणि विश्वासभंग यांच्या आधारावर निकाल देतात. ते बघतात की माहिती खरोखर गुप्त होती का, तिला व्यापारात किंमत आहे का, आणि ती गुप्त ठेवायला तुम्ही स्वतः काय केलं. तिसऱ्यावर बहुतेक जण नापास होतात. कृती व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकलेली असते आणि मग म्हणतात ती गुपित होती.

आक्काने कायदा वाचलेला नाही, पण ती नेमकं हेच करत आलीय. मसाला करायच्या दिवशी पहाटे उठते, बाकी कुणी यायच्या आत दगडफूल, जावित्री, नागकेशर, बाद्यान, मसाला वेलची असं सगळं स्वतः मापून सुती फडक्यात पुड्या बांधते. बायका येतात तेव्हा त्यांच्यापुढे मिरच्या, धणे, खोबरं, सुका कांदा उघडं असतं आणि पुड्या बंद. कुठली पुडी कढईत कधी पडायची एवढं ती सांगते. पाच बायका दहा वर्षं काम करतात, आणि कुणालाच पूर्ण मसाला माहीत नाही. परक्याचं पाकीट आम्ही घरी फोडलं तेव्हा वासावरूनच कळलं. खोबरं जास्त भाजलेलं, दगडफूल जवळजवळ नाहीच. ज्यावर आम्ही रुपया खर्च केला नव्हता तेवढंच शाबूत राहिलं होतं.

इथे पाकिटावरच्या छापील यादीची काळजी वाटते. नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, म्हणजे जास्त काय आणि कमी काय एवढं उघड होतंच. प्रमाण, भाजायचा क्रम, आच, मिरची कोणत्या गावची, हे यादीत येत नाही. गुपित तिथे ठेवा. गिऱ्हाइकांची यादी आणि खोबरं कुणाकडून कोणत्या भावाने येतं, हेही गुपितच आहे, आणि बऱ्याचदा तेच आधी फुटतं.

कामाच्या माणसांकडून गुप्ततेचा करार लिहून घ्या. पण त्यात 'काम सोडल्यावर मसाल्याचा धंदा करणार नाही' असं लिहून काही उपयोग नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे ती अट रद्दबातल ठरते. आणि ते मला योग्यच वाटतं. आपल्याकडे दहा वर्षं राबलेल्या बाईला तिच्या हातच्या कसबावर पोट भरायचा हक्क आहे. तिने आपली वही नेऊ नये, आपल्या पुड्यांचं माप वापरू नये, एवढंच मागता येतं.

गुपिताची मोठी उणीव ही की दुसऱ्याने बाजारातून पाकीट आणून, चाखून, स्वतःच्या प्रयोगाने तीच चव गाठली तर त्याने काहीच चोरलेलं नाही. आणि एकदा फुटलं की परत येत नाही. नावावर अतिक्रमण झालं तर न्यायालय ते थांबवू शकतं. गावभर झालेलं प्रमाण कोणी पुसू शकत नाही.

गाणी काढणाऱ्यांसाठी क्रम उलटा

अहिराणी गाण्यांचं चॅनेल चालवत असाल तर वर लिहिलेला क्रम फिरवा. तुमचा माल म्हणजेच कॉपीराइट. एका गाण्यात शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा, आणि गायकाचा कलाकार म्हणून वेगळा. लग्नसराईत गाणं चाललं की भांडण लागतं ते इथे, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी कुणीच काही लिहिलेलं नसतं. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपट किंवा ध्वनिमुद्रिकेत गेलेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. 'सगळे हक्क दिले' असं लिहून घेतलं तरीही.

लोकगीतांचा प्रश्न नाजूक आहे. कानबाई या आपल्या खान्देशी देवीची गाणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांची. ती कुणीही गावी. तुम्ही गाऊन घेतलंत तर हक्क तुमच्या त्या ध्वनिमुद्रणावर आणि तुम्ही नव्याने घातलेल्या संगीतावर, गाण्यावर नाही. एखादं चॅनेल परंपरेच्या गाण्यावर मालकी सांगून दुसऱ्याचा व्हिडिओ खाली उतरवतं, तेव्हा घाबरून गप्प बसू नका, प्रतिदावा करा. बहिणाबाईंच्या कवितांबद्दलही विचारतात. त्या १९५१ मध्ये गेल्या, कविता त्यांच्या पश्चात छापल्या गेल्या, आणि ६० वर्षांची मुदत कशीही मोजली तरी केव्हाच संपली. शब्द सगळ्यांचे आहेत. कुणी लावलेली चाल आणि केलेलं रेकॉर्डिंग मात्र वेगळं.

चॅनेलचं नाव लोकांच्या तोंडी बसलं की मग ४१ व्या वर्गात ट्रेडमार्क.

केळी आणि भरिताची वांगी

शेतकऱ्याने 'जळगाव केळी' हे नाव स्वतःच्या नावावर करायला जाऊ नये, ते होणार नाही. जळगावची केळी, जळगावचं भरीत वांगं आणि नवापूरची तूरडाळ यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक मुलखातल्या मालाच्या नावाला मिळणारं संरक्षण, मिळालेलं आहे. केळीची नोंदणी तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर २०१६ ची, आणि २०२१ मध्ये तिथली मानांकित केळी दुबईला गेली. हा हक्क सामूहिक आहे, तो विकता किंवा कुणाला भाड्याने देता येत नाही. त्या भागात पिकवणाऱ्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवायचं. खर्च किरकोळ, आणि निर्यातदारापुढे कागद ठेवता येतो. वेफर्सचा ब्रँड काढलात तर त्याचं नाव वेगळं, ट्रेडमार्क वेगळा.

हातात किती आहे त्यावरून

पाच हजार रुपये असतील आणि खाण्याच्या वस्तूचा धंदा असेल तर नुसत्या नावाचा, साध्या अक्षरांतला अर्ज करा, रंगीत लेबलाचा नको. अक्षरं नोंदली की पुढे पाकीट कितीदा बदललं तरी नाव राखलेलं राहतं. त्याच आठवड्यात डिझायनरची सही. काहीच पैसे नसतील तर बिलांवर नाव छापा, दर वर्षाची दोन बिलं आणि पाकिटाचा तारखेसह फोटो पत्र्याच्या पेटीत ठेवा. अजून नावच ठरलं नसेल तर पाऊचचे सिलिंडर करू नका. नंतर नाव बदलायचं तर तो सगळा खर्च पुन्हा येतो.

आमचं नाव आता जर्नलमध्ये छापून आलंय, चार महिन्यांची मुदत सुरू आहे. राहिलं होतं ते गुपित. आक्का आता सत्तरीची आहे, प्रमाण कुठे लिहिलेलं नाही, आणि डोक्यातलं गुपित माणसाबरोबर जातं. यंदा तिने पहिल्यांदा वहिनीला पहाटे शेजारी बसवलं. आक्का मुठीने टाकायची, वहिनी ते आधी काट्यावर धरायची आणि मग वहीत लिहायची. आक्काची धण्यांची एक मूठ ३४ ग्रॅम भरली, वहिनीची २७. वहीत ३४ लिहिलंय. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये गेली, दुसरी केलीच नाही.